सेप्टिक टँक पास, खाडी नापास

प्रश्न असा आला आहे: "मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडच्या दक्षिण किनाऱ्यावर आम्ही दोन वर्षांपूर्वी तीन बेडरूमचं घर घेतलं. व्यवहाराच्या वेळी सेप्टिक टँकची तपासणी व्यवस्थित पास झाली. आता गावाचं पत्र आलंय. खाडीतला नायट्रोजन कमी करण्यासाठी वीस वर्षांची सांडपाणी योजना होणार, पुढेमागे आमच्या रस्त्यावर सीवर (गावाची सांडपाण्याची पाइपलाइन) येणार आणि खर्चाचा वाटा आम्हीही उचलायचा. आमच्या नळाच्या पाण्यात तर नायट्रेट मर्यादेच्या खूप खाली आहे. मग ही भानगड काय आहे? थांबण्यापेक्षा आत्ताच नायट्रोजन कमी करणारी सुधारित सेप्टिक बसवून मोकळं व्हावं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे घाईत असलेल्याला पुढचं वाचायची सक्ती नको. गावाच्या नकाशावर तुमचा रस्ता कुठल्या टप्प्यात आहे हे बघितल्याशिवाय सुधारित सेप्टिकवर एक डॉलरही घालू नका. बाकीचं उत्तर लांबणार आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी याच भागात सांडपाण्याच्या योजना आखतोय आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याची चूक नसते. सगळा घोटाळा त्या 'पास' शब्दाने केलाय.

टायटल फाइव्ह म्हणजे या राज्याचे सेप्टिकचे नियम. घर विकताना तपासनीस येतो, टाकीचं झाकण उघडतो, काठी घालून तळाचा गाळ मोजतो, वरची साय किती जाड झालीय ते बघतो. मग पुढची वाटप-पेटी उकरून काढतो आणि तिथे पाणी तुंबलंय का ते पाहतो. टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषक्षेत्रावरची जमीन ओली नाही ना, ते भूजलात बुडालेलं नाही ना, जवळ विहीर नाही ना, हे तपासलं की सही करतो. या सगळ्या कागदपत्रांत तुमच्या टाकीतून रोज किती नायट्रोजन बाहेर पडतो असा रकानाच नाही. मैला घरात उलटा येऊ नये आणि रोगजंतू कुणाच्या पिण्याच्या पाण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी सेप्टिक जन्माला आली. ते काम तुमची टाकी चोख करतेय. तपासनिसाने खोटं काही लिहिलेलं नाही.

आता जमिनीखाली काय होतं ते बघू. टाकीत हवा नसते. तिथे मूत्रातला युरिया आणि मैल्यातली प्रथिनं फुटून अमोनिया होतो. (माणसाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनपैकी साधारण ८० टक्के मूत्रातून जातो, हा आकडा पुढे लागेल.) तिथून पाणी शोषक्षेत्राखालच्या कोरड्या, हवेशीर वाळूत झिरपतं आणि तिथले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात. एकदा नायट्रेट झालं की त्याला धरून ठेवणारं वाळूत काही नाही. फॉस्फरस वाळूच्या कणांवरच्या लोखंडाच्या पुटाला चिकटून बसतो आणि बरीच वर्षं जागचा हलत नाही. नायट्रेट पाण्यात मीठ विरघळावं तसं विरघळून पाणी जाईल तिकडे जातं. गंमत अशी की शोषक्षेत्र जितकं कोरडं आणि नियमाबरहुकूम, तितकं हे रूपांतर पक्कं. म्हणजे या बाबतीत तुमची पास झालेली सेप्टिक नापास झालेल्या शेजाऱ्यापेक्षा फारशी वेगळी नाही.

केप कॉड हा हिमनद्यांनी आणून ओतलेला वाळूचा ढीग आहे. खाली कातळ आहे, पण खूप खोल. पावसाचं पाणी सरळ खाली मुरतं आणि भूजल दिवसाला साधारण एक फूट या चालीने किनाऱ्याकडे सरकतं. वर्षाला झाले एकशे दहा मीटर. तुमचं घर खाडीपासून किलोमीटरभर आत असेल, तर आज सकाळी तुम्ही फ्लश केलेला नायट्रोजन खाडीत उतरायला नऊ-दहा वर्षं लागतील. आज खाडीत उतरतोय तो तुमच्या आधीच्या मालकाचा.

नळाच्या पाण्याचं म्हणाल, तर नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ती तान्ह्या बाळांच्या रक्ताला बाधा होऊ नये म्हणून घातलेली. इथल्या खाड्यांना सोसणारा एकूण नायट्रोजन मात्र लिटरला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. खाडी तुमच्या बाळापेक्षा वीस-तीस पटीने नाजूक आहे, असं मी सभेत सांगतो तेव्हा लोक हसतात. पण आकडा खरा आहे. नायट्रोजन म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्याचं नत्र. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसपाशी अडते, खाऱ्या पाण्यात नत्रापाशी. ते मिळालं की पाणी हिरवं होतं, तळावर शैवालाच्या चटया पसरतात, ईलग्रास नावाचं पाण्याखालचं गवत उजेडाविना मरतं. त्या गवताच्या पात्यांना स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची पिल्लं धरून असतात, गवत गेलं की तीही गेली. मग ऑगस्टमधल्या एखाद्या उष्ण, वारा पडलेल्या रात्री तळाचा ऑक्सिजन संपतो आणि सकाळी मासे काठाला लागलेले दिसतात. वॉकॉइट बे या इथल्याच खाडीत इव्हान व्हॅलिएला हे सागरी शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांची संख्या, भूजलातलं नायट्रेट आणि खाडीतलं गवत यांचा धागा १९९० च्या दशकात जुळवून दाखवला. त्यानंतर 'सेप्टिकचा काय संबंध' हा वाद शास्त्रापुरता तरी मिटला.

दक्षिण किनाऱ्यावर हे जास्त का, तर भरती-ओहोटीमुळे. उत्तरेला केप कॉड बेमध्ये भरतीचा फरक जवळजवळ तीन मीटर आहे. पाणी दिवसातून दोनदा धुऊन निघतं. दक्षिणेला नॅन्टकेट साउंडच्या बाजूला तो मीटरभर, फॉलमथ गावाकडे तर अर्ध्या मीटरच्या आसपास. अरुंद तोंडाच्या, लांबट, उथळ खाड्यांत पाणी घुटमळतं. तेवढ्याच घरांचं तेवढंच नत्र एकीकडे खपतं, दुसरीकडे घात करतं. म्हणून 'अमुक गावाने इतके टक्के कमी करावं' असा सरसकट नियम इथे चालत नाही. प्रत्येक खाडीचा हिशेब वेगळा.

हा हिशेब मांडायला २००१ साली मॅसॅच्युसेट्स एस्च्युअरीज प्रोजेक्ट सुरू झाला. राज्याचा पर्यावरण विभाग आणि डार्टमथच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची सागरी शाखा यांचं हे काम. भूजलाच्या मॉडेलवरून त्यांनी प्रत्येक खाडीचा पाणलोट आखला. जमिनीवरचा उतार इथे कामाचा नाही, पाणलोट जमिनीखाली ठरतो. मग त्या पाणलोटातल्या घराघराची पाण्याची बिलं घेतली, खतं, रस्ते, छपरं, पाऊस सगळं जोडलं, वाटेत एखादं गोड्या पाण्याचं तळं लागलं तर तिथे निम्मं नत्र गळतं असं धरलं, आणि ते सगळं भरती-ओहोटीच्या मॉडेलला जोडून खाडीतल्या एका ठरावीक जागी, सेंटिनल स्टेशनवर, किती मिलिग्रॅम येतं ते पाहिलं. तिथला आकडा खाली आणायचा, तर पाणलोटातून वर्षाला किती किलो काढावे लागतील? योजनेतली बाकी सगळी भांडणं या एका आकड्यानंतरची. त्यातून निघालेलं सर्वसाधारण चित्र असं, की माणसाला आवर घालता येईल अशा नायट्रोजनपैकी सुमारे ८० टक्के सेप्टिकमधून येतो.

तुमच्याच घराचा हिशेब करून दाखवतो. समजा रोजचा पाणीवापर १५० गॅलन, म्हणजे ५६८ लिटर. बागेला वगैरे गेलेलं वगळून ९० टक्के टाकीत गेलं असं धरतात, झाले ५११ लिटर. शोषक्षेत्रातून भूजलात उतरताना लिटरला २६.२५ मिलिग्रॅम नायट्रोजन धरायची इथली रीत आहे. गुणाकार केला की दिवसाला तेरा-साडेतेरा ग्रॅम, वर्षाला जवळपास पाच किलो. हिरवळीला खत घालत असाल, तर साध्या आकाराच्या हिरवळीतून झिरपणारं नत्र साधारण अर्धा किलो धरतात. खत जरूर बंद करा, पण त्याने दहावा हिस्साच हलतो.

हे पाच किलो कमी करायचे पर्याय आता याच काट्यावर तोला. नेहमीची सुधारित सेप्टिक, जिला राज्याने लिटरला १९ मिलिग्रॅम नायट्रोजनची अट घालून मान्यता दिलीय, ती पाच किलोंचे साडेतीन करते. फक्त २८ टक्के घट, आणि तीही तिची निगा नीट राखली तर. नव्या पिढीतल्या, लाकडाचा भुसा आणि वाळूच्या थरांच्या किंवा तशाच प्रकारच्या रचना १० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली उतरतात. त्या धरल्या तर पाच किलोंचे दोनच्याही आत येतात. सीवर जोडलं आणि प्रक्रिया केंद्राने ३ मिलिग्रॅमपर्यंत आणलं तर उरतो अर्धा किलो. आणि ते प्रक्रिया केलेलं पाणी तुमच्या खाडीच्या पाणलोटाबाहेर मुरवलं, तर तुमच्या खाडीपुरता शून्य.

ज्या खाडीला सेप्टिकचं २५ टक्के नत्र कमी करून चालणार आहे, तिथे सुधारित सेप्टिकचा विचार करता येतो. पण खाडीच्या माथ्याकडच्या बंदिस्त भागांना कितीतरी ठिकाणी सेप्टिकचं ७०-८० टक्के नत्र काढावं लागतं. तिथे घरोघर १९ मिलिग्रॅमची यंत्रं बसवली तरी हिशेब जुळत नाही, आणि वर प्रत्येक घराच्या अंगणात एक पंप, हवा फुंकणारा एक ब्लोअर, एक गजर आणि वर्षाचा देखभाल करार येतो. या यंत्रांची पारख करायला काउंटीचं एक चाचणी केंद्र १९९९ पासून इथल्या लष्करी तळावर चालू आहे. तिथे आकडे छान येतात. लोकांच्या अंगणात तेच यंत्र कधी कधी वेगळे दिवस दाखवतं. एका घरी मी गेलो होतो, ब्लोअर बंद. मालकीणबाई म्हणाल्या, "रात्री घरघरतो, म्हणून मी प्लग काढते." सहा महिने प्लग निघालेला होता. नमुना घेतला तर साध्या सेप्टिकइतकंच नत्र. त्या बाईंना दोष देऊन उपयोग नाही, योजना आखणाऱ्याने असे प्लग गृहीत धरायला हवेत.

मग सगळीकडे सीवरच का नको? कारण खर्च प्रक्रिया केंद्राचा कमी आणि पाइपांचा जास्त असतो. केपवर घरं विरळ, रस्ते वळणदार, मध्ये तळी, चढउतार, आणि किनाऱ्यालगत तीन फुटांवर पाणी लागतं. रस्ता उकरा, पाणी उपसा, पाइप टाका, पंपिंग स्टेशन बांधा, रस्ता परत करा. म्हणून नियोजनातली खरी अक्कल यंत्र निवडण्यात कमी आणि नकाशावर रेघ कुठे ओढायची यात जास्त. दाट वस्ती, खाडीच्या माथ्याजवळ, मध्ये नत्र गाळणारं तळं नाही, अशा रस्त्यावर एक मैल पाइपमागे जास्तीत जास्त किलो निघतात. विरळ वस्ती, खाली मोठं तळं, अशा ठिकाणी तोच पाइप टाकला तर निम्मे किलो निसर्गच गाळणार होता, त्यावर पैसा घालवला असं होतं. आम्ही रस्त्यारस्त्याचा 'प्रति किलो डॉलर' काढतो आणि चढत्या क्रमाने लावतो. तुमचा रस्ता पहिल्या टप्प्यात आणि मित्राचा पाचव्यात का, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. राजकारण नसतं असं नाही म्हणत.

यानंतर येतो तो प्रश्न, जो बाहेरच्या लोकांना कधीच सुचत नाही: प्रक्रिया केलेलं पाणी टाकायचं कुठे? इथे समुद्रात सोडणं कायद्याने फार अवघड करून ठेवलंय आणि पिण्याचं पाणीही याच वाळूतल्या भूजलाचं, ज्याला १९८२ साली केंद्रीय पर्यावरण संस्थेने (ईपीए) एकमेव स्रोत म्हणून जाहीर केलं. त्यामुळे पाणी पुन्हा वाळूच्या बेडमधून जमिनीत मुरवावं लागतं. ३ मिलिग्रॅमचं पाणी स्वच्छ वाटतं, पण लाखो लिटर एकाच जागी मुरवलं की तिथे किलोंची राशच होते. फॉलमथचं केंद्र १९८६ पासून जिथे पाणी मुरवत होतं, तिथून ते वेस्ट फॉलमथ हार्बरकडे निघालं. २००५ च्या आसपास केंद्र सुधारलं, तरी आधीच जमिनीत असलेलं नत्र त्यापुढेही वर्षानुवर्षं हार्बरमध्ये उतरत राहिलं. माझी स्वतःची एक फजितीही सांगतो. उमेदीच्या काळात एका गावासाठी मी बेडची जागा सुचवली. जमीन गावाची, फुकट, शेजारी कुणी नाही. मॉडेलवाल्या सहकाऱ्याने शेवटच्या आठवड्यात पाणी सोडून पाहिलं. भूजलाचा उंचवटा इतका वाढला, की पाणलोटाची रेघच सरकली आणि निम्मं पाणी शेजारच्या गावाच्या, आधीच नापास असलेल्या खाडीकडे वळलं. आमचा आराखडा चार महिने मागे गेला. तेव्हापासून मी आधी पाणी कुठे मुरेल ते विचारतो आणि मग केंद्र किती मोठं हे.

प्रक्रिया केंद्राबद्दल थोडक्यात. अमोनियाचं नायट्रेट करायला हवा लागते, एक ग्रॅम नायट्रोजनला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन. नायट्रेटचा वायू करून हवेत सोडायला उलट हवा नको आणि खायला कार्बन हवा. इथलं पाणी मऊ, क्षारता कमी. पहिल्या टप्प्यात ग्रॅममागे सात ग्रॅमच्या वर क्षारता खाल्ली जाते, त्यामुळे सोडा किंवा तत्सम काही घालावंच लागतं, नाही तर आम्लता वाढून जिवाणू बसून जातात. त्यातून केपची वस्ती जानेवारीत एक आणि जुलैत दुपटीच्या पुढे. पाणी थंड असतं तेव्हा जिवाणू सुस्त आणि मैला कमी, चार जुलैच्या सुट्टीच्या आठवड्यात सगळंच एकदम. म्हणून समांतर टाक्या बांधून हिवाळ्यात काही बंद ठेवतात. ऑपरेटर चांगला असेल तर हे सगळं निभतं. नियोजनाच्या अहवालात ऑपरेटरवर एक पान असतं आणि काँक्रीटवर चारशे, हे माझं जुनं दुखणं आहे, ते असो.

सीवर आणि सुधारित सेप्टिक सोडून तिसऱ्या वाटाही योजनेत असतात, आणि त्यांच्यावर माझं मत मिश्र आहे. कालवांचंच (ऑयस्टर) घ्या. मी रत्नागिरीकडचा, खडकावरून कोयत्याने कालवं फोडणाऱ्या बायका बघत वाढलो, त्यामुळे मला हा पर्याय मनापासून आवडतो. पण बाजारात जाण्याजोग्या एका कालवाच्या शिंपल्यात आणि मांसात मिळून जेमतेम ०.२५ ते ०.३० ग्रॅम नायट्रोजन असतो. तुमच्या एका घराचे पाच किलो फेडायला वर्षाला सोळा ते वीस हजार कालवं काढून खाडीबाहेर न्यावी लागतील. काढून नेली नाहीत, खाडीतच मेली, तर नत्र परत पाण्यात. मॅशपी गावाने योजनेत शिंपल्यांना मोठी जागा दिलीय, फॉलमथने लिटल पाँडमध्ये कालवं लावून पाहिली आणि तिथेच पुढे सीवरही आणलं. कालवं सीवरचा पहिला हप्ता उशिरा भरायची सवलत देतात, कर्ज माफ करत नाहीत. जमिनीखाली लाकडाच्या भुशाची किंवा वनस्पती तेलाची आडवी भिंत घालून किनाऱ्यापाशीच नायट्रेटचा वायू करायचा, असेही प्रयोग झाले. वॉकॉइट बेवरची भुशाची भिंत २००५ सालची. जिथे पाण्याची वाट नक्की ठाऊक आहे तिथे ती कामाची. आणि तो ८० टक्के मूत्राचा आकडा? मूत्र वेगळं करणारं शौचकूप हा हिशेबाने सगळ्यात स्वस्त उपाय दिसतो. फॉलमथने लोकांना अनुदान देऊन पाहिलं, थोडीच घरं पुढे आली. कागदावर जिंकणारे उपाय न्हाणीघरात हरतात.

खाडीचं तोंड रुंद करणं हाही उपाय आहे. प्लेझंट बेला मिळणाऱ्या मडी क्रीकवर रस्त्याखाली दोन अरुंद मोऱ्या होत्या. त्या काढून २०१६ साली पूल बांधला, भरतीचं पाणी मोकळं आत जाऊ लागलं आणि वरच्या भागातून काढावे लागणारे किलो कमी झाले. अशी संधी शंभरात एखाददुसरी असते, पण ती आधी शोधायची.

प्लेझंट बेचं उदाहरण तुमच्या 'वीस वर्षांच्या' प्रश्नालाही लागू आहे. तिच्या पाणलोटात चार गावं येतात: ऑर्लीन्स, चॅटम, हार्विच, ब्रूस्टर. एकाच खाडीचे चार धनी, त्यामुळे कुणी किती किलो काढायचे याची वाटणी भावकीतल्या जमिनीच्या वाटणीसारखीच. २०१८ साली चौघांनी मिळून राज्याचा पहिला पाणलोट-परवाना (सगळ्या पाणलोटाचा नत्राचा हिशेब एकत्र धरणारा) घेतला. चॅटम पूर्ण गावाला सीवर घालतंय, हार्विचने त्याआधीच २०१७ साली करार करून आपलं पाणी चॅटमच्या केंद्रात पाठवायचं ठरवलं, वेगळं केंद्र बांधायचं टाळलं. ब्रूस्टरचा वाटा लहान होता. त्यांनी गावाच्या मालकीच्या गोल्फ मैदानावरचं खत कमी करून बराचसा फेडला. हिशेब किलोंचा असला की असे व्यवहार जमतात. तो 'घरामागे एक यंत्र' असा असता तर ब्रूस्टरने उगाच शेकडो अंगणं उकरली असती.

गावांना हे सगळं आपणहून सुचलं असं नाही. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचं कलम २०८ विभागवार आराखडा मागतं. केपचा तसा आराखडा १९७८ साली झाला आणि कपाटात गेला. २०११ साली पर्यावरणवादी संस्थांनी केंद्रीय पर्यावरण संस्थेला कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये राज्याने केप कॉड कमिशन या इथल्या नियोजन संस्थेला नवा आराखडा करायला सांगितलं आणि २०१५ मध्ये तो मंजूर झाला. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली: वाट गावांनी निवडावी, पण किलो पुरे झाले पाहिजेत. तरी काही गावं हलेनात, तेव्हा जुलै २०२३ मध्ये टायटल फाइव्ह बदललं. नत्राला संवेदनशील पाणलोटात गावाने एक तर वीस वर्षांचा पाणलोट-परवाना घ्यायचा, सर्वसाधारण दंडक असा की लागणाऱ्या घटीपैकी ७५ टक्के तेवढ्यात साधायची. नाही तर दोन वर्षांची मुदत संपल्यावर पुढच्या पाच वर्षांत प्रत्येक घराने स्वखर्चाने उत्तम प्रतीची नत्र काढणारी सेप्टिक बसवायची. तुमच्या गावाने परवान्याची वाट धरली, म्हणून तुमच्या दारात नोटीस न येता योजनेचं पत्र आलं. हे पत्र चांगली बातमी आहे असं म्हणून मी तुमच्या जखमेवर मीठ चोळत नाही, पण दुसरी वाट तुमच्या खिशाला जास्त झोंबली असती.

पैशाचं. हॉटेलांच्या आणि सुट्टीपुरत्या दिलेल्या घरांच्या भाड्यावर २.७५ टक्क्यांचा अधिभार बसवून केप आणि जवळच्या बेटांसाठीचा जलनिधी २०१८ मध्ये उभा राहिला. उन्हाळी पाहुणा शौचालय वापरतो, तर त्यानेही भरावं, हे मला न्याय्य वाटतं. राज्याचं बिनव्याजी कर्जही मिळतं, पण त्याला अट आहे: सीवर आलं म्हणून गावाने जास्तीची घरं उठवायची नाहीत, नाही तर कमी केलेले किलो मागच्या दाराने परत येतात. उरलेलं घरमालकांकडून. कर्ज काढायला ग्रामसभेत दोन तृतीयांश मतं लागतात. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या कड्याखाली घडीच्या खुर्च्या मांडून ती सभा भरते. मी अशी एक योजना नऊ मतांनी पडलेली पाहिलीय. हरल्यावर एक म्हातारे मच्छीमार माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तुझे आलेख बरोबर होते. पण शेवटचा स्कॅलप मी कधी पकडला ते कुणी मला विचारलंच नाही." दुसऱ्या वर्षी आम्ही आलेख दोन ठेवले आणि सुरुवातीला त्यांना बोलायला उभं केलं. योजना पास झाली. मासेमारीची आठवण सर्वांना होती, मिलिग्रॅमची कुणालाच नव्हती.

आता पुन्हा तुमच्या घराकडे. गावाच्या कार्यालयात जाऊन सांडपाणी योजनेचा नकाशा मागा आणि आपला पार्सल (प्लॉट) क्रमांक शोधा. पहिल्या पाच-सात वर्षांच्या सीवर टप्प्यात असाल तर सेप्टिकला हात लावू नका, दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्या, आणि जोडणीचा अंगणातला खर्च कुणाच्या माथी आहे ते लेखी विचारा. सीवर दारात आलं की जोडणी सक्तीची करणारी गावं आहेत; तेव्हा आत्ता बसवलेलं महागडं यंत्र उकरून टाकायची पाळी येईल. सीवर येणारच नाही अशा भागात असाल, तरी सध्याची टाकी बिघडेपर्यंत थांबा. पण ती बिघडली तर १९ मिलिग्रॅमची स्वस्त यंत्रणा घेऊ नका, १० च्या आसपास उतरणारीच घ्या आणि देखभालीचा करार आधी वाचा. मधल्या धूसर टप्प्यात असाल, तर तुमचं घर कुठल्या उप-पाणलोटात मोडतं आणि तिथे किती टक्के घट लागणार आहे, एवढंच विचारा. ती तीस टक्के आहे की ऐंशी, यावर सल्ला उलटासुलटा होतो.

आणि जाताना मागच्या दोन वर्षांची पाण्याची बिलं बरोबर न्या. मॉडेलमध्ये तुमचं घर जुन्या मालकाच्या बिलांच्या रूपाने बसलेलं आहे. ते बहुधा जूनला येऊन सप्टेंबरला जाणारे असतील, आणि तुम्ही तिथे बारा महिने राहताय.